महापालिकेच्या हातात किती कार्बन?

मुंबई महापालिकेने १३ मार्च २०२२ रोजी आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन उरेल तेवढे शोषूनही घ्यायचे, असे त्यात ठरले आहे. देशाने स्वतःसाठी २०७० ची मुदत घेतली आहे, म्हणजे मुंबईने तब्बल वीस वर्षे आधीची तारीख पत्करली. बातम्या आल्या, फोटो छापून आले आणि पुढे त्याचे काय झाले, हे बहुतेक मुंबईकरांना कळले नाही. त्यात त्यांची चूक नाही. असे आराखडे वाचायला घेतले की पाचव्या पानावरच माणूस गळपटतो.

म्हणून इथे एकाच प्रश्नाचे बोट धरून चालू या: यातले कोणते काम खरोखर महापालिकेच्या अखत्यारीत येते आणि कोणते नाही? आराखडा कळण्यासाठी हा प्रश्न पुरतो.

आधी हिशेब

घरखर्च आटोक्यात आणायचा तर आधी वही घेऊन महिनाभराचा खर्च लिहावा लागतो. शहराच्या उत्सर्जनाचेही तेच. मुंबईने त्यासाठी २०१९ हे वर्ष धरले. त्या वर्षी शहराच्या खात्यावर सुमारे २ कोटी ३४ लाख टन उत्सर्जन होते, म्हणजे माणशी साधारण १.८ टन. यात कार्बन डायऑक्साइडबरोबर कचऱ्यातून निघणारा मिथेनही धरतात. मिथेनचा एक टन शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ टनांइतका ताप देतो, म्हणून त्याला त्या पटीने गुणून एकाच मापात आणतात.

या वहीत सर्वात मोठी नोंद इमारतींमधल्या वीज-इंधनाची आहे, सुमारे ७२ टक्के. घरातले पंखे-एसी, दुकानांचे दिवे, कार्यालये, हॉटेले, लिफ्ट, पाण्याचे पंप, स्वयंपाकाचा गॅस हे सगळे त्यात आले. वाहतूक सुमारे २० टक्के, उरलेला कचरा. गाड्यांच्या धुराने नाक झोंबते म्हणून सगळा दोष गाड्यांचा, असे आपल्याला वाटते. प्रदूषणाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पण कार्बनच्या खात्यात भिंतीतले प्लग पॉइंट गाड्यांच्या फार पुढे आहेत.

इथे एक बारकावा आहे. ट्रॉम्ब्याच्या वीजकेंद्राची चिमणी शहराच्या हद्दीत आहे, डहाणूची शहराबाहेर. पण डहाणूचा कोळसा बोरिवलीतल्या एसीसाठीही जळतो, तेव्हा तो धूर मुंबईच्या खात्यावर पडायला हवा. म्हणून हिशेबाचे तीन कप्पे करतात. पहिला, हद्दीत प्रत्यक्ष जळणाऱ्या इंधनाचा. दुसरा, बाहेरून आणलेल्या विजेचा. तिसरा, शहरासाठी इतरत्र झालेल्या बाकी सगळ्या उत्सर्जनाचा. विदर्भातल्या भट्टीत तयार होऊन लोअर परळच्या टॉवरमध्ये गेलेले सिमेंट या तिसऱ्या कप्प्यातले. शहरांच्या हिशेबात हा कप्पा सहसा अर्धवटच भरलेला असतो. ज्या शहरात प्रत्येक गल्लीत पुनर्विकास चालू आहे, तिथे सिमेंट-सळईचा कार्बन वहीबाहेर राहणे ही छोटी गोष्ट नव्हे.

आता उद्दिष्टांचे आकडे बघा. २०३० पर्यंत ३० टक्के कपात, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला निव्वळ शून्य. सलग वाचून पुढे गेलो तर काही खटकत नाही. पण वजाबाकी केली की दिसते, मधल्या दहा वर्षांत फक्त १४ टक्के आणि शेवटच्या दहा वर्षांवर तब्बल ५६ टक्क्यांचा भार. अवघड काम शेवटी ठेवायची आपली जुनी खोड इथेही आहे. तोवर तंत्रज्ञान स्वस्त होईल, हा त्यामागचा हिशेब पूर्ण चुकीचा म्हणता येणार नाही, सौर पॅनेलच्या बाबतीत तसे घडलेही आहे. पण २०४० च्या दशकात जे कोणी नगरसेवक असतील, त्यांच्या खांद्यावर काय टाकले आहे याची जाणीव असलेली बरी.

वीज कोणाच्या हातात?

७२ टक्क्यांच्या त्या नोंदीवर महापालिकेचे नियंत्रण किती? फारच थोडे. मुंबईत वीज वाटणाऱ्या संस्थाच अनेक. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपच्या बाजूला महावितरण. यातला फक्त बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. तो तोट्यात आहे आणि स्वतः वीज तयार न करता विकत घेऊन पुरवतो. दर आणि वीजखरेदीचे करार राज्य वीज नियामक आयोगाकडून मंजूर होतात. ट्रॉम्ब्याचा किंवा डहाणूचा वीजनिर्मिती संच कधी बंद करायचा, हे पालिकेच्या सभागृहात ठरत नाही.

वीज बाहेरून आणायची म्हटली तर तारा लागतात. मुंबईची कमाल मागणी ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते आणि बाहेरून वीज आत घेणाऱ्या वाहिन्यांची क्षमता वर्षानुवर्षे अपुरी होती. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खे शहर अंधारात गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा हे दुखणे सगळ्यांना दिसले. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाल्यावर थोडा दिलासा मिळाला. स्वच्छ विजेचा या तारांशी थेट संबंध आहे. बाहेरची वीज पुरेशी आत येऊ शकत नसेल, तर शहरातले कोळशाचे संच चालूच ठेवावे लागतात, मग राजस्थानात ऊन कितीही पडो. आणि या वाहिन्यांशी महापालिकेचा संबंध येतो तो बहुधा रस्ता खोदायच्या परवानगीपुरता.

गंमत म्हणजे उपनगरांच्या विजेतला नवीकरणीय वाटा अलीकडे वाढला, त्याचे मोठे कारण जैसलमेरचा ७०० मेगावॅटचा सौर-पवन संकरित प्रकल्प. तो करार आराखड्याच्याही आधीचा आहे. वीज कंपनी आणि नियामक यांच्या पातळीवरच्या त्या निर्णयाने जेवढे साधले, तेवढे पालिकेच्या दहा परिपत्रकांनी साधले नसते.

मुंबईने बाहेरची स्वच्छ वीज आणणे ही काही नवी कल्पना नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, भिवपुरी १९२२ चे, भिरा १९२७ चे. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणारे पाणी अडवून घाटाखाली सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना. आजच्या भाषेत ती शून्य-कार्बन प्रादेशिक ऊर्जाच. तिची किंमत कोणी मोजली? भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण झाले, मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. वीज स्वच्छ असली म्हणून व्यवहार स्वच्छ असतोच असे नाही. आजच्या सौर प्रकल्पांबद्दल वाचताना मुळशी डोक्यात ठेवावी.

महापालिकेचे स्वतःचे एक धरण या चित्रात येते, तेवढे नोंदवू. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगते सौर पॅनेल, असा संकरित प्रकल्प पालिकेने आखला आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांना आणि प्रक्रिया केंद्रांना भरपूर वीज लागते आणि ते बिल पालिकाच भरते. स्वतःचे बिल स्वतःच्या धरणावरून भागवायचे, हा विचार पटण्यासारखा आहे.

गच्चीचे गणित

“सगळ्यांनी गच्चीवर सोलर लावा, प्रश्न मिटला,” असे म्हणणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचे म्हणणे कागदावर मांडून बघू.

सात मजली जुनी इमारत धरा. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, कुठे मोबाइल टॉवर. हे सगळे वगळून दोन हजार चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा निघाली, तर साधारण २० किलोवॅटचे पॅनेल बसतात. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो. पावसाळ्यात कमी, एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे दिवसाला ८० युनिट, महिन्याला २,४००. लिफ्ट, जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप यांचा कॉमन मीटर त्यात बऱ्यापैकी भागतो. नेट मीटरिंगमुळे दुपारी उरलेली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात जाते आणि बिलातून वजा होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे या इमारतीला ३ लाख ६० हजार. स्वतःच्या छपराचे घर असेल तर ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात.

आता कार्बन. देशाच्या ग्रीडची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला २९,००० युनिट म्हणजे सुमारे २० टन वाचले. माणशी १.८ टनाच्या हिशेबाने अकरा मुंबईकरांचे वर्षभराचे उत्सर्जन. एका गच्चीसाठी चांगलेच काम. पण अशा पन्नास हजार गच्च्या भरल्या, तरी वाचणार ते दहा लाख टन, म्हणजे शहराच्या हिशेबातले सव्वाचार-साडेचार टक्के. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती, तिथे स्वतःची गच्चीच नाही. तेव्हा काकांनी सोलर जरूर लावावे, सोसायटीच्या फायद्याचे आहे. पण मुंबईचा निव्वळ शून्य काही गच्चीवरून उतरणार नाही, तो ग्रीडमधूनच यावा लागेल.

या पन्नास हजारांतल्याही बहुतेक गच्च्या रिकाम्याच आहेत आणि अनुदानाच्या अभावी नव्हे. सर्वसाधारण सभेत विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, “रिडेव्हलपमेंटला गेली इमारत तर पॅनेलचे काय?” दुसरा, मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीबद्दलचा, “सिंकिंग फंडाला हात लावायचा का?” तिसरा, वरच्या मजल्यावरच्यांचा, “गळती लागली तर?” प्रश्न रास्त आहेत. शिवाय एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. शेजारी चाळीस मजली टॉवर उभा राहिला आणि आपल्या पॅनेलवर दुपारी दोनलाच सावली पडली, तर दाद कोणाकडे मागायची?

महापालिका खरी कामाला येते ती इथे, कारण बांधकाम परवानगीची खिडकी तिची आहे. नकाशा मंजूर करताना गच्चीचा किती भाग मोकळा ठेवायचा, इमारतीची कोणती बाजू पश्चिमेच्या उन्हात भाजते, खिडक्यांवर छज्जा हवा की काच, पार्किंगमध्ये चार्जिंगची तार आधीच टाकायची का, हे त्या टेबलावर ठरवता येते. एकदा इमारत उभी राहिली की पुढची पन्नास वर्षे तिचा एसी तेवढीच वीज खाणार. दुसरे हत्यार मालमत्ता कराचे. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. ही सवलत दरवर्षी बिलावर छापून येते, म्हणून ती भाषणापेक्षा जास्त काम करते.

कचरा आणि बस

कचरा हा मात्र पूर्णपणे पालिकेचा प्रांत आहे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती. ओला कचरा दाबून ठेवला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो, आगीला तोही हातभार लावतो. ओला कचरा वेगळा काढून त्याचे खत किंवा गॅस केला, तर मिथेन मुळातच तयार होत नाही किंवा कामाला येतो. देवनारला दिवसाला ६०० टन कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्पही हाती घेतला आहे. माझे मत विचाराल तर तो दुसऱ्या पसंतीचा उपाय. आपला कचरा ओला, तो नीट जळत नाही. जळते ते प्लास्टिक आणि प्लास्टिक जाळणे म्हणजे खनिज तेलच जाळणे.

बसबद्दल थोडक्यात. बेस्टच्या विजेवरच्या दुमजली वातानुकूलित बसचे २०२३ मध्ये कौतुक झाले, ते योग्यच होते. पण बेस्टचा एकूण ताफा घटत घटत तीन हजारांच्या खाली आला आहे. थांब्यावर अर्धा तास ताटकळलेला माणूस शेवटी हप्त्यावर दुचाकी घेतो. ती दुचाकी आपल्या खात्यावर जो कार्बन आणते, तो विजेच्या बसने वाचवलेल्या कार्बनमधून वजा करावा लागतो. त्याच महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून सागरी किनारा रस्ताही बांधला, ज्यावर प्रामुख्याने मोटारी धावतात. आराखड्याचे पुस्तक आणि रस्त्याचे कंत्राट एकाच इमारतीतून निघाले आहे.

पैसा कुठल्या खात्यात?

हा विरोधाभास पकडायचा असेल तर आराखड्यापेक्षा अर्थसंकल्प वाचावा. नॉर्वेतल्या ऑस्लो शहराने वातावरण अर्थसंकल्पाची पद्धत सुरू केली आणि मुंबईने जून २०२४ मध्ये आपला पहिला अहवाल काढला. कल्पना साधी आहे. पालिकेच्या प्रत्येक खात्याने आपापल्या कामांवर खूण करायची, यातले कोणते काम उत्सर्जन कमी करते, कोणते पूर-उष्म्यापासून बचाव करते आणि कोणत्याचा या दोन्हीशी संबंध नाही. २०२४-२५ साठी अशा कामांची बेरीज १०,२२४ कोटी रुपये निघाली, भांडवली खर्चाच्या ३२ टक्क्यांच्या आसपास.

आकडा भरघोस आहे, पण जपून वाचायचा. यातली बरीचशी कामे तशीही होणारच होती. नाले, पर्जन्यवाहिन्या, मलजल प्रक्रिया केंद्रे या कामांवर आता हिरवा शिक्का बसला आहे, एवढेच. ती कामे गरजेची आहेत, २६ जुलै २००५ पाहिलेल्या मुंबईकराला ते सांगायला नको. पण पुरापासून वाचणे वेगळे आणि उत्सर्जन घटवणे वेगळे. दोन्हीची बेरीज एका ओळीत आली की दुसरे किती कमी आहे ते झाकले जाते. तरीही मला हा अहवाल आराखड्यापेक्षा मोलाचा वाटतो. आराखड्यात २०५० असते, अर्थसंकल्पात येता मार्च असतो.

आणखी एक तारीख सांगण्यासारखी. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. आराखडा आला १३ मार्चला. त्यानंतर जवळपास चार वर्षे पालिकेवर प्रशासकाची राजवट होती, निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. म्हणजे आराखड्याच्या अंमलबजावणीची पहिली वर्षे अशी गेली, की स्थायी समितीत उभे राहून “माझ्या वॉर्डात किती गच्च्या झाल्या?” असे विचारणारे कोणी निवडून आलेले नव्हतेच.

गावाकडे

ग्रामपंचायतीला निव्वळ शून्याचा आराखडा कोणी मागत नाही, पण तिच्याकडे महानगराकडे नसलेली गोष्ट आहे, जमीन. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ याच गोष्टीवर उभी आहे. शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी (फीडर) वेगळी करायची, तिच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वाहिनीवरच्या शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यायची. या योजनेतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, क्षमता ३ मेगावॅट. दिवसा वीज म्हणजे काय, हे जुन्नर किंवा संगमनेरकडच्या शेतकऱ्याला विचारावे. रात्री दोनला मोटर चालू करायला जाताना उसात बिबट्या असतो.

आर्थिक बाजूही सरळ आहे. अशा प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. कोळशाची वीज लांबून तारांतून आणताना खर्च वाढतो आणि गळतीही होते, ती वाट इथे वाचते. खासगी जमीन दिली तर वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने दुसरी वाट धरली. शंभरेक घरांच्या या वाडीने घराघरावर सौर पॅनेल बसवून वीजबिल जवळजवळ शून्यावर आणले आणि २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून तिचे नाव झाले. ग्रामस्वच्छता, बचतगट यांची घडी तिथे आधीपासून बसलेली होती, सौर योजना त्या घडीवर आली. ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून गावांना आणि शहरांना भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गुण मिळतात, ऊर्जा त्यातल्या अग्नीखाली येते. गुणांसाठी कामे होतात आणि गुण संपले की काही ठिकाणी थांबतात, हेही खरे.

अडचण गायरानाची आहे. मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते आणि सपाट, मोकळी, वादात नसलेली जागा म्हणून सगळ्यांची नजर गायरानाकडे वळते. कागदावर ते पडीक असते. प्रत्यक्षात तिथे मेंढ्या चरतात, भूमिहीन घरांची दोन शेरडे जगतात, कोणी पिढ्यान्‌पिढ्या थोडी ज्वारी पेरत आलेला असतो. पॅनेलभोवती तारेचे कुंपण पडले की ते बाहेर. वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा, पंचायतीचे अनुदान तीन वर्षांचे आणि मेंढपाळाचे नाव दोन्हींत नाही.

म्हणून ठरावाआधीच्या ग्रामसभेत पाच गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. कोणता गट नंबर जाणार, चराईला दुसरी जागा कोणती, पॅनेल धुवायला पाणी कुठले वापरणार, कुंपण आणि गवतकापणीच्या कामावर गावातली किती माणसे घेणार आणि अनुदानाचे १५ लाख ग्रामपंचायत विकास आराखड्यात कोणत्या कामावर पडणार. ठराव झाल्यावर हे प्रश्न तहसील कचेरीत विचारता येतात, पण तोवर खांब रोवलेले असतात.